पांढऱ्या झाकणाच्या टाक्या

मला विचाराल तर पन्नाशीनंतर माणसाने दोनच कामं करावीत: बसावं आणि आडवं व्हावं. पण मला कोणी विचारत नाही. गेली सव्वीस वर्षं मी एका संशोधन संस्थेत माशांच्या टाक्या धुते आहे. सकाळी सव्वासातला माझा हात पाण्यात नसेल तर वरच्या मजल्यावरचं सगळं विज्ञान जागच्या जागी थांबेल, असं आमचे सर म्हणतात. म्हणतात ते फक्त निरोप समारंभात, आणि तेही दुसऱ्या कोणाच्या तरी.

माशांची खोली तळघरात आहे. लांबट, बिनखिडकीची, कायम गार. भिंतीला लोखंडी मांडणी, तिच्यावर बारा टाक्या, प्रत्येकीत पाच गोल्डफिश. लोक हौसेने दिवाणखान्यात पाळतात तेच, पण आमच्याकडचे सगळे नर. चार टाक्यांना पांढरी झाकणं, चारांना पिवळी, चारांना लाल. पांढऱ्यांत साधं पाणी. पिवळ्यांत इस्ट्रोजेन, म्हणजे बाईच्या अंगातलं हार्मोन, अगदी चिमूटभराच्याही कितीतरी पटींनी कमी. लालमध्ये त्याहून थोडं जास्त. नर हंगामात आला की त्याच्या कल्ल्यांवर खसखशीसारखे पांढरे दाणे उठतात आणि मादी दिसली की तो तिच्यामागे सुसाट सुटतो. पाण्यात बाईचं हार्मोन आलं की दाणे मावळतात, धावणंही थंडावतं. पण हे झालं डोळ्यांना दिसणारं. आत मेंदूत डोपामिन, सिरोटोनिन अशी जी रसायनं असतात ती किती हलतात, हे मोजायचं होतं. मेंदू केवढा, तर चवळीच्या दाण्याएवढा. त्यात एवढा बाजार भरलेला असतो.

हा प्रयोग होता शंभरदाचा. शंभरदा म्हणजे आमची संशोधक. कुठलीही गोष्ट शंभरदा तपासते म्हणून मीच तिला हे नाव ठेवलं आणि तिला ते आवडलं. वय चौतीस. औषध कंपनीतली चांगली चाललेली नोकरी सोडून शिकायला आलेली. तिची मुलगी तीन वर्षं दुसऱ्या गावी आजीकडे वाढत होती. फोनवर ती पोरीला विचारायची, “जेवलीस?” आणि पुन्हा विचारायची, “नक्की जेवलीस?” मला म्हणायची, “ताई, एकदा विचारलं की माणसं सवयीने उत्तर देतात. दुसऱ्यांदा विचारलं की खरं सांगतात.”

टाक्या धुण्याचा एक क्रम आहे आणि तो मीच घालून दिलेला आहे. आधी पांढऱ्या, मग पिवळ्या, शेवटी लाल. हाताला, नळीला, स्पंजाला लागलेलं औषध साध्या पाण्यात जाऊ नये म्हणून. वीस वर्षांपूर्वी हा नियम मी कागदावर लिहून दारावर चिकटवला, तेव्हाच्या सरांनी त्यावर सही केली. कागद पिवळा पडला, सर निवृत्त झाले, नियम मात्र मी एक दिवसही मोडला नाही. ह्या गोष्टीचा मला गर्व होता. आता सांगून टाकते, होता.

दीड वर्षापूर्वी माझी पाळी गेली आणि जाताना झोपही घेऊन गेली. डोळ्याला डोळा लागेना. दिवसा बसल्या जागी अंगातून अशा वाफा यायच्या की जीव नकोसा व्हायचा. बसमध्ये लोकांना वाटायचं, बाई कोणावर तरी संतापली आहे. खरं तर तेवढी ताकदच नव्हती. खोलीत आले की मी बाह्या वर सारायची आणि पांढऱ्या एक नंबरच्या टाकीत कोपराच्याही वर हात बुडवायची. पाणी अठरा अंश. टाकी धुवून झाली तरी हात तसेच ठेवायची. मासे बोटांपाशी येऊन तोंडं लावायचे. दिवसातली तेवढीच काय ती सुखाची घटका.

चौदा महिने असे काढल्यावर मी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी जेलची ट्यूब दिली. रोज सकाळी दोन्ही हातांना, मनगटापासून खांद्यापर्यंत लावायची. मी ती घरी नेलीच नाही. आमच्या ह्यांच्या पोटात काही राहत नाही. माझ्या दाढेचं मूळ काढलं तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूने मला जिन्यात अडवून विचारलं होतं, आता चावता येतं का. आणि वन्सं, म्हणजे माझी नणंद, त्यांचं ठरलेलं असतं: “आम्हाला नाही बाई असलं काही झालं.” त्यापेक्षा अळीमिळी गुपचिळी बरी. ट्यूब कामाच्या जागी, माझ्या कपाटात. सात वाजता लावायची, पाच-दहा मिनिटं वाळू द्यायची, की कामाला सुरुवात. आठवड्याभरात झोप लागायला लागली. सहा तास, सलग. मला वाटलं, जगात देव नसेल कदाचित, पण ट्यूब आहे.

तुम्ही म्हणाल, हिच्या डोक्यात प्रकाश कसा पडला नाही. खरं आहे. सव्वीस वर्षं हार्मोनच्या बाटल्या हाताळते मी. पण टाकीतलं इस्ट्रोजेन म्हणजे कुलूपबंद कपाटातली काळी बाटली, वर कवटीचं चित्र. माझं म्हणजे ट्यूब, वर गुलाबी फूल. ही दोन एकाच घरची आहेत हे मला कधी सुचलंच नाही. हातमोजे आम्हाला मनगटापर्यंतचे मिळतात. मनगटाच्या वर मी होते, आणि माझ्याबद्दल दारावरच्या कागदात काही लिहिलेलं नव्हतं.

शंभरदाची पहिली तुकडी मी ट्यूब सुरू करण्याआधी संपली होती. निकाल असा स्वच्छ की सरांनी स्वतः तिला चहा पाजला. पांढऱ्यातले नर दाण्यांनी भरलेले, लालमधले गुळगुळीत, मेंदूतले आकडेही तितकेच वेगळे. पण निकाल पक्का करायला तेच सगळं पुन्हा करून दाखवावं लागतं. दुसरी तुकडी लागली. महिन्याने प्रत्येक टाकीतले तीन-तीन मासे मेंदूसाठी गेले, दोन-दोन मागे राहिले. आकडे आले आणि सगळं मुसळ केरात. पांढऱ्या टाक्यांतले मेंदू पिवळ्यांसारखेच.

सर तिला बोलले ते आमच्या खोलीतच. मी सायफनची नळी धरून उभी होते, पण टाक्या धुणारी बाई खोलीत असली तरी ती खोली रिकामीच धरतात.

“मासे त्याच जातीचे, टाक्या त्याच, पाणी तेच, खाणं तेच, बाई त्याच,” सर म्हणाले. “मग बदललं काय?”

“मला कळत नाहीये, सर. मी सगळं पुन्हा तपासलं.”

“माझ्या मते काहीच बदललेलं नाही. दुसरी तुकडी खरी आहे. पहिलीचे आकडे तू सुंदर करून आणलेस.”

शंभरदाचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. सर पुढे म्हणाले, गुरुवारी समिती बसेल. तोपर्यंत कारण सापडलं तर ठीक, नाहीतर पहिली तुकडी रद्द, आणि आकडे बनवणाऱ्या माणसाचं नाव संस्थेच्या यादीत ठेवता येणार नाही. ते आवाज न चढवता बोलले. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

मंगळवारी सकाळी मी पांढऱ्या एकमध्ये हात घालून बसले होते. शंभरदा आली आणि उपड्या बादलीवर बसली. डोळ्यांखाली काळं. हातात कागद.

“ताई, हे बघा. मी टाकीवार मांडून पाहिलं. पांढरी एक सगळ्यात बिघडलेली. दोन त्याहून कमी. तीन अजून कमी. चार जवळजवळ चांगली. माझ्याकडून नमुन्यांची अदलाबदल झाली असती तर ती कशीही झाली असती ना? ही अशी पायऱ्या उतरल्यासारखी कशी होईल?”

मी कागद पाहिला. एक, दोन, तीन, चार. मग मी टाकीतल्या माझ्या हाताकडे पाहिलं. पाण्यात तो मोठा आणि परका दिसत होता. मागे राहिलेले दोन मासे त्याच्याभोवती फिरत होते. दोघांच्याही कल्ल्यांवर एकही दाणा नव्हता. एक, दोन, तीन, चार हा टाक्यांचा क्रम नव्हता. तो माझ्या धुण्याचा क्रम होता. पहिल्या टाकीत मी ताजी यायची, चौथीपर्यंत धुवून निघायची.

मी झटकन हात बाहेर काढला.

“काय झालं ताई?”

“काही नाही. गरम होतंय,” मी म्हणाले.

हेच मला अजून टोचतं. ती समोर बसली होती. एक वाक्य पुरलं असतं. पण मी मूग गिळून बसले आणि तिला चहा घेऊन ये म्हणाले. त्या दिवशी घरी जाताना मी हिशोब केला तो असा: गुरुवारनंतर शंभरदा जाईल. माणसं येतात, जातात, मी सव्वीस वर्षांत पंधरा-वीस पाहिली. मी राहीन. गार खोली राहील. सहा तास झोप राहील. कोणाला कशाला कळतंय? इतकी थकले होते मी, की मला हे सगळं अगदी सरळ वाटलं. मग स्वयंपाकघरात आमच्या ह्यांनी विचारलं, “आज गप्प का?” आणि उत्तराची वाट न बघता टीव्हीचा आवाज वाढवला. मला एकदम शंभरदा आठवली. ती असती तर तिने दुसऱ्यांदा विचारलं असतं.

बुधवारी मी ट्यूब लावली नाही आणि पाण्यात हातही घातला नाही. शीतकपाटात शंभरदाने दर सोमवारचं प्रत्येक टाकीचं पाणी छोट्या बाटल्यांत भरून ठेवलं होतं. पिवळ्या-लालचं पाणी तपासलं जायचं. पांढऱ्यांचं तपासू नकोस, साध्या पाण्यात काय बघायचं, असं तिला सरांनीच सांगितलं होतं. तिने तरीही बाटल्या भरल्या होत्या, तारखा घालून, ओळीने. मी दोन्ही तुकड्यांतल्या पांढऱ्या टाक्यांच्या बाटल्या काढल्या, आणि ताडून बघायला लालची एक. पाण्यातलं हार्मोन मोजायची बारीक घरांची ताटली असते, एका घरात एका बाटलीचं पाणी; ती मला लावता येते, वरच्या मुलींना मीच शिकवली आहे. तिचं गणित उलटं असतं: जितकं हार्मोन जास्त, तितका पिवळा रंग फिका. दुपारी रंग चढला. पहिल्या तुकडीची घरं गडद पिवळी. दुसऱ्या तुकडीतलं पांढरी चारचं घर जरा उतरलेलं. तीनचं आणखी. दोनचं आणखी. पांढरी एकचं घर लालच्या घराइतकं फिकं, जवळजवळ पाणी.

मी ती ताटली बराच वेळ बघत राहिले. रागावण्याजोगं कोणी नव्हतं.

गुरुवारी समितीची खोली. लांब टेबल, तीन पुरुष, चौथे सर, आणि एका टोकाला शंभरदा, समोर फायलींचा ढीग. मी दार ढकलून आत गेले तेव्हा सरांना वाटलं मी कप उचलायला आले.

“बाई, अजून चालू आहे आमचं.”

“सर, तुम्ही विचारलं होतं बदललं काय,” मी म्हणाले. “मी बदलले.”

ताटली टेबलावर ठेवली, शेजारी ट्यूब. बाही वर सारून कुठून कुठपर्यंत लावते ते दाखवलं. “पाळी गेली माझी. झोप गेली. डॉक्टरांनी हे दिलं. ह्यात तेच आहे जे तुमच्या लाल टाक्यांत आहे. पहिल्या तुकडीच्या वेळी मी हे लावत नव्हते, दुसरीच्या वेळी लावत होते. पांढऱ्या आधी धुते, म्हणून पांढऱ्यांतच गेलं. हिने काही बनवलेलं नाही. हिच्या बाटल्यांमुळेच हे सापडलं.”

एक जण छताकडे बघायला लागला. दुसऱ्याने ट्यूब पेनच्या टोकाने आपल्याकडे वळवून वाचली. सरांचे कान लाल झाले. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत ते.

“हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं, बाई.”

“कोणाला?” मी विचारलं.

मला उलट बोलायचं नव्हतं. खरंच माहीत नव्हतं, म्हणून विचारलं.

अर्ध्या तासात सगळं ठरलं. पहिली तुकडी ग्राह्य. दुसरी जशी आहे तशी, कारणासकट लिहायची. शंभरदाचं नाव राहिलं, पण तिसरी तुकडी पुढच्या हंगामात करावी लागणार, म्हणजे पोरगी अजून एक वर्ष आजीकडे. आणि मी सोमवारपासून वर, काचसामान धुण्याच्या खोलीत. तिथे वाफेचं यंत्र दिवसभर चालू असतं. सर म्हणाले, “यात शिक्षेचा काही भाग नाही.” मला माहीत होतं. शिक्षा असती तर निदान ती कधीतरी संपली असती.

मी खाली आले आणि सवयीने बाह्या वर केल्या. मग आठवलं, आणि उपड्या बादलीवर बसले. बारा पंप गुरगुरत होते. पांढऱ्या एकमधले दोन मासे काचेपाशी येऊन तोंड उघडत, मिटत होते. त्यांची वेळ झाली होती.

थोड्या वेळाने शंभरदा आली. खाली जमिनीवरच बसली, माझ्यासमोर.

“तीन आठवडे, ताई,” ती म्हणाली. “तीन आठवडे मला वाटत होतं की मीच कुठेतरी खोटं केलं आणि विसरून गेले. स्वतःवरचा विश्वास उडाला होता माझा.”

“माहीत आहे. मंगळवारीच कळलं होतं मला. बोलले नाही. चुकलं माझं.”

“मंगळवारी?”

“मंगळवारी.”

तिने मान खाली घातली. मला वाटलं आता उठून जाईल, आणि गेली असती तरी मी तिला दोष दिला नसता. पण तिने पिशवीतून वही काढली. टाक्यांची रोजची वही, माझ्या अक्षरातली. तापमान, खाणं, हालचाल. तिने कोरं पान उघडलं, पट्टीने रेघा मारल्या.

“कारणासकट लिहायचं आहे,” ती म्हणाली. आवाज अजून कोरडा होता. “तर नीटच लिहू. ट्यूब कधी सुरू केली?”

मी तारीख सांगितली.

“कुठला हात आधी?”

“उजवा.”

“पांढरी एक धुवायला किती वेळ?”

“चार मिनिटं.”

“आणि हात पाण्यात एकूण किती वेळ?”

मी वर केलेल्या बाह्या खाली ओढल्या. मग म्हणाले, “बारा. कधी पंधरा.”

“उरलेली आठ-दहा मिनिटं काय करत होतात?”

“काही नाही. गार वाटायचं.”

तिचं पेन थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग वहीची मागची पानं उलटली, एकेक महिना मागे, आणखी मागे. सगळीकडे माझं अक्षर. मासे शांत. खाल्लं. पाणी अठरा. ती पुन्हा कोऱ्या पानावर आली.

“ट्यूबच्या आधी झोप किती लागायची?”

“हेही लिहायचं?”

“लिहायचं.”

“दोन तास. तीन म्हणजे डोक्यावरून पाणी.”

“असं किती महिने?”

“चौदा.”

तिने चौदा लिहिलं. मग सवयीप्रमाणे मान वर करून पुन्हा विचारलं, “नक्की चौदा, ताई?”

“चौदा,” मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.